गळलेला केस, तुटलेला केस

अकोल्याहून वाशिमकडे येताना पातूर सोडले की घाट लागतो, आणि पुढे मालेगाव तालुक्यातले मेडशी येते. हमरस्त्यावरच्या अशा गावात पार्लर चालवणाऱ्या बाईच्या हाताखालून शाळेतल्या पोरीपासून नातवंडे झालेल्या बाईपर्यंत सगळ्यांचे केस जातात. सोयाबीनच्या सोंगणीहून आलेले, बाळंतपणातून उठलेले, लग्नासाठी सरळ करून हवे असलेले. तक्रार मात्र बहुतेकींची एकच असते आणि ती एकाच वाक्यात येते: “ताई, केसं लय गयून रायले.” हे काम करता करता माझे एक मत पक्के झाले आहे. या एका वाक्याखाली दोन निरनिराळी दुखणी असतात. एकात केस मुळापासून सुटून येतो, दुसऱ्यात तो मधेच तुटतो. पहिल्याचे कारण शरीरात असते, दुसऱ्याचे आपल्या हातांत, आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही. तरीही बाजारात दोघींना एकच बाटली मिळते, आणि आम्ही पार्लरवाल्याही बहुधा तीच पुढे करतो. दुखणे म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, अशातली ही गत आहे, आणि तिच्यात गरीब घरांतला पैसा विनाकारण जातो.

दोन्हींतला फरक ओळखायला यंत्र लागत नाही. कंगव्यात आलेला केस सरळ करून पांढऱ्या कागदावर आणि मग काळ्या कापडावर धरावा. मुळापासून आलेल्या केसाच्या एका टोकाला मोहरीहूनही कितीतरी बारीक, पांढुरकी गाठ दिसते. बोटाच्या चिमटीतून ती ओढली तर किंचित अडते. असा केस डोक्यावरच्या इतर केसांइतकाच लांब असतो. तुटलेल्या केसाला गाठ नसते. तो आखूड असतो, कधी चार बोटे, कधी वीतभर, आणि त्याचे टोक बारकाईने पाहिले तर दुभंगलेले किंवा कुंच्यासारखे पिंजलेले असते. डोक्यावर पाहिले तरी कळते. तुटणाऱ्या केसांची वेणी वर जाडजूड आणि खाली उंदराच्या शेपटीएवढी होते, भांगाजवळ आखूड केस उभे राहतात. गळणाऱ्या केसांची वेणी वरपासून खालपर्यंत सारखीच बारीक होत जाते, आणि भांग रुंद होतो. एवढे पाहायला पाच मिनिटे लागतात. कोणतेही तेल, शाम्पू किंवा ट्रीटमेंट सुचवण्याआधी ही पाच मिनिटे द्यायलाच हवीत असे मी मानते.

यात एक गोष्ट आधीच सांगायला हवी, नाहीतर उगाच घबराट होते. निरोगी डोक्यावर साधारण एक लाख केस असतात आणि त्यांतले पन्नास ते शंभर रोज गळतातच. प्रत्येक केस काही वर्षे वाढतो, मग दोनतीन महिने थांबतो आणि सुटतो, त्याच जागी नवा येतो. आठवड्यातून एकदाच, रविवारी किंवा बाजाराच्या दिवशी, डोक्यावरून न्हाणाऱ्या बाईच्या हातात आठवडाभराचे सुटलेले केस एकदम येतात. मोरीच्या तोंडाशी तो गुंता पाहून ती धसकते, आणि न्हाणेच कमी करते. मग पुढच्या वेळी गुंता आणखी मोठा येतो. न्हाण्याने केस गळत नाहीत, आधीच सुटलेले निघून येतात, एवढे समजले तरी अर्धी धास्ती संपते.

आता तुटण्याकडे येते, कारण मेडशीत आणि आसपासच्या खेड्यांत माझ्या मते हेच दुखणे मोठे आहे. त्वचेच्या बाहेर आलेला केस जिवंत नसतो. त्यात रक्त नाही, नस नाही. म्हणून तर तो कापताना दुखत नाही. तो महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. या हिशेबाने कमरेपर्यंतच्या, म्हणजे सत्तर-बहात्तर सेंटिमीटर लांब केसाचा शेंडा सहा वर्षांचा असतो. आठवड्यातून दोनदा धुतला तर त्याने सहाशेच्या वर न्हाणी सोसलेली असतात, सहा उन्हाळे आणि सहा सोंगण्या पाहिलेल्या असतात, आणि झालेली झीज भरून काढायची कसलीही सोय त्याच्यात नसते. या शेंड्याला खुराक देता येत नाही. बाटलीवर ‘पोषण’ असे छापलेले असते ते या भागाला लागूच पडत नाही. त्याला फक्त जपता येते. जावळ काढल्याने बाळाचे केस दाट येतात किंवा शेंडे छाटल्याने वाढ जोरात होते, हे समजही याच कसोटीवर टिकत नाहीत. कात्री शेंड्याला लागते आणि वाढ मुळात होते, दोघांचा एकमेकांना निरोप जात नाही. छाटण्याचा फायदा वेगळा आहे: दुभंगलेला शेंडा वर चिरत जायचा थांबतो, त्यामुळे लांबी टिकते.

केसाला कोणी हात लावला नाही तर काय होते, हे जटेवरून कळते. महाराष्ट्रात अजूनही काही घरांत बाईच्या केसांत गुंता झाला की तो देवीचा संकेत मानतात, तो विंचरत नाहीत, कापत नाहीत, आणि मग मळ, घाम, तेल यांनी तो घट्ट होऊन मानेवर ओझे होते. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या नंदिनी जाधव यांनी अशा अनेक बायकांची समजूत घालून त्यांच्या जटा कापल्या आहेत. कापताना रक्त येत नाही, वेदना होत नाही, कोप होत नाही. जट हा न विंचरलेल्या, न धुतलेल्या धाग्यांचा गुंता असतो, एवढेच. ज्या हातांनी केस तुटतो त्याच हातांच्या मायेशिवाय तो राहूही शकत नाही, हे या बायकांच्या मानेच्या दुखण्यावरून दिसते.

इथे केस तुटतात ते कशाने? पहिले कारण पाणी आणि साबण यांची जोडी. आमच्याकडे काळा पाषाण, आणि त्यातून येणारे बोअरचे पाणी पुष्कळ ठिकाणी जड असते. ज्या पाण्यात तुरीची डाळ लवकर शिजत नाही ते पाणी केसांनाही जड, ही खूण घरोघरच्या बायकांना ठाऊक आहे. या पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी साबणाची गाठ पडली की न विरघळणारा चिकट थर तयार होतो. बादलीच्या कडेला तो पांढरा दिसतो, केसांवर दिसत नाही, पण हाताला लागतो. अंगाचा साबण डोक्याला, क्वचित कपड्यांची पावडरसुद्धा, ही रीत अजून गेलेली नाही. तो थर बसलेला केस खरखरीत होतो, एकमेकांत अडकतो आणि कंगवा फिरवला की तुटतो. शाम्पूतल्या फेस आणणाऱ्या द्रव्यांचा जड पाण्यात असा थर बनत नाही. त्यामुळे एकदोन रुपयांची साधी पुडी, मगभर पाण्यात कालवून, फक्त डोक्याच्या कातडीला लावावी आणि केसांची लांबी तिच्या ओघळाने धुऊ द्यावी. महागड्या बाटलीपेक्षा हा बदल अधिक उपयोगी ठरतो. शिकेकाई-रिठ्याचे पाणीही जड पाण्यात साबणासारखे फसत नाही. फक्त ते गाळून घ्यावे, कारण शिकेकाईची भरड तशीच चोळली तर ती केसांवर वाळूसारखी घासते.

दुसरे कारण ओले केस. ओला केस कोरड्यापेक्षा जास्त ताणला जातो आणि त्या अवस्थेत कमकुवत असतो. कामाची घाई, शेतात जायचे, म्हणून न्हाऊन आल्या आल्या टॉवेलने खसाखसा पुसायचे, केस झटकायचे आणि बारीक दातांची फणी वरून खाली ओढायची. फणी उवा-लिखा काढायला बनली आहे, गुंता सोडवायला नाही. रुंद दातांचा कंगवा घ्यावा, आधी शेंड्याची वीतभर लांबी मोकळी करावी, मग त्याच्या वरची, मग मुळापर्यंत जावे. केस पुसायला जुने सुती लुगडे टॉवेलपेक्षा चांगले. ते घासायचे नाही, दाबून पाणी टिपायचे. ओल्या केसांचा बुचडा बांधून वर रुमाल गुंडाळून दिवसभर निंदण केले, तर सायंकाळी तो ओलसर, घामट गुंता हाताशी येतो. त्याऐवजी सैल वेणी घालून ती पदराखाली किंवा रुमालाखाली घ्यावी. ऊन आणि मळणीची धूळ दोन्ही केसाची वरची साल झिजवतात, त्यामुळे डोके झाकण्याची आपल्याकडची रीत केसांच्या दृष्टीने शहाणपणाचीच आहे.

माझ्या विभागणीत नीट न बसणारीही काही दुखणी आहेत, ती लपवून ठेवणे बरोबर नाही. शाळेच्या शिस्तीसाठी रोज कपाळावरची कातडी ताणली जाईपर्यंत आवळलेल्या दोन वेण्या, किंवा घट्ट रबराची पोनी, यांनी केस मुळापासून उपटले जातात, पण कारण शरीरात नसून हातातच असते. कानशिलाजवळ आणि कपाळाच्या कडेला केस विरळ होऊ लागले तर ही खूण असते. वेळीच सैल केले तर ते परत येतात, वर्षानुवर्षे ओढत राहिले तर ती जागा कायमची मोकळी राहते. आयांनी हे एक ध्यानात घ्यावे, शाळांनीही घ्यावे. चाई पडली, म्हणजे नाण्याएवढी गुळगुळीत जागा दिसली, किंवा खवले धरून केस मोडू लागले, तर तो डॉक्टरांचा विषय. तिथे कांदा किंवा लसूण चोळून कातडी भाजून घेऊ नये.

तेलावरून सगळ्यात जास्त वाद होतो. “आमच्या आजीनं जन्मभर तेलच लावलं, केस गुडघ्यापर्यंत होते,” हे मला वारंवार ऐकावे लागते, आणि त्या बोलण्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. मुंबईत मॅरिको कंपनीच्या प्रयोगशाळेतल्या आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी २००३ मध्ये खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. धुण्याआधी किंवा नंतर खोबरेल लावलेल्या केसांतून प्रथिन कमी निघून गेले, बाकी दोन तेलांनी तसे झाले नाही. खोबरेलातले लॉरिक आम्ल केसाच्या आत शिरते असे त्यांनी कारण दिले. कंपनी खोबरेल विकणारी आहे, तेव्हा वाचकाने ही गोष्ट लक्षात ठेवून ते वाचावे, पण प्रयोग उघड मांडलेला आहे आणि केसांवर काम करणाऱ्या कोणाच्याही हाताला तो पटणारा आहे. मात्र हा प्रयोग कापलेल्या केसांच्या बटांवर झाला, मुळांवर नाही. म्हणजे तेल तुटणे कमी करते. गळणे थांबवते असे त्यातून सिद्ध होत नाही. आजीच्या केसांत तेलाचा वाटा होता, पण त्याबरोबर तिने केस कधी तापवले नाहीत, रंगवले नाहीत, दिवसभर वेणीत किंवा अंबाड्यात ठेवले. शिवाय ज्या आज्यांचे केस पातळ होते त्यांची कोणी आठवण सांगत नाही. न्हाण्याआधी तासभर, केसांच्या लांबीला बेताचे तेल, हा माझा सल्ला. डोक्याच्या कातडीवर कोंडा असताना रात्रभर तेल थापून झोपले तर कोंडा वाढतो.

गळणे हे वेगळे प्रकरण आहे. मोठा ताप, टायफॉईड, डेंग्यू, चिकुनगुन्या, बाळंतपण किंवा एकदम घटलेले वजन यांच्यानंतर पुष्कळसे केस एकाच वेळी वाढ थांबवतात आणि दोनतीन महिन्यांनी एकदम सुटतात. या मधल्या अंतरामुळे घोटाळा होतो. श्रावण-भाद्रपदात ताप येऊन गेला, त्याचे केस दिवाळीच्या सुमारास गळू लागतात. तेव्हा ताप कोणाच्या ध्यानात नसतो, ध्यानात असतो तो दिवाळीला आणलेला नवा शाम्पू. बाळ ओळख धरायला लागले की आईचे केस जातात, असे बायका म्हणतात, आणि निरीक्षण म्हणून ते खरे आहे. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बाळ माणसे ओळखून हसू लागते आणि त्याच सुमाराला बाळंतपणाची गळती सुरू होते. बाळाच्या हसण्याचा त्यात दोष नाही. ही गळती बहुतेक वेळा काही महिन्यांत आपोआप थांबते, आणि त्या महिन्यांत जे औषध चालू असेल त्याला श्रेय मिळून जाते. किती बाटल्यांची कीर्ती अशी उभी राहिली असेल! जी थांबत नाही तिथे रक्ताकडे पाहावे लागते. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४ टक्क्यांना रक्तक्षय आढळला. शरीरातले लोह घटणे हे केस गळण्याचे एकमेव कारण नव्हे, पण निम्म्याहून जास्त बायका ज्या अवस्थेत आहेत ती आधी तपासायची सोडून त्यांना कांद्याचे तेल विकणे मला पटत नाही. थायरॉईडही तपासून घ्यावा.

शरीरातून येणारी गळती बाटलीच्या आवाक्याबाहेर कशी असते, हे आपल्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्याने दाखवून दिले. डिसेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५ मध्ये शेगाव परिसरातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत बायका, पुरुष, मुले यांचे केस तीनचार दिवसांत मुठीने हातात येऊ लागले आणि काहींना टक्कल पडले. अठरा गावांत २७९ जण बाधित झाल्याचे पुढे आले. पहिला संशय शाम्पूवर आणि पाण्यावर गेला. तो जाणेही साहजिक होते, कारण तो सगळा पूर्णाकाठचा खारपाणपट्टा आहे आणि तिथल्या पाण्याचे क्षार पिढ्यान्‌पिढ्या लोकांच्या वाट्याला आलेले आहेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे पथक येऊन नमुने घेऊन गेले. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर, विंचूदंशावरच्या कामासाठी आपण ज्यांना ओळखतो, त्यांनी बाधितांचे रक्त, लघवी, केस आणि त्यांच्या घरातला रेशनचा गहू तपासून घेतला. सेलेनियमचे प्रमाण अतोनात वाढलेले आणि जस्ताचे घटलेले आढळल्याचे त्यांनी मांडले. तो गहू पंजाबकडून आलेला होता, आणि पंजाबच्या होशियारपूर-नवांशहर भागातल्या काही जमिनींत सेलेनियम जास्त असल्याचे आधीपासून माहीत आहे. केसाला बळकटी देणाऱ्या प्रथिनात गंधकाचे बंध असतात. सेलेनियम अतिरेकी झाले की ते गंधकाच्या जागी शिरते. अमेरिकेतल्या डकोटा भागात घोड्यांच्या आयाळीचे आणि शेपटीचे केस झडत, त्याचे मूळही चाऱ्यातल्या सेलेनियममध्येच असल्याचे १९३०च्या दशकात उलगडले. तो गहू खाणे थांबवलेल्या काहींना पाचसहा आठवड्यांत केस पुन्हा येऊ लागल्याचे बावस्करांनी नोंदवले. विचार करा, त्या गावांत कोणी कितीही चांगले तेल, कितीही मऊ पाणी आणि कितीही रुंद दातांचा कंगवा नेला असता तरी काय उपयोग होता? शेगाव आणि मेडशी यांच्यामध्ये अकोला जिल्हा आहे एवढेच. रेशनची दुकाने इकडेही आहेत.

यावर पहिला आक्षेप येतो तो वेळेचा. भल्या पहाटे उठून डबा करून शेतात जाणाऱ्या बाईला ही निगा परवडेल का? परवडेल, कारण यातले बहुतेक सांगणे काहीतरी न करण्याचे आहे: साबण न लावणे, ओल्यात फणी न ओढणे, वेणी न आवळणे. त्याला वेळ आणि पैसा कमीच लागतो. दुसरा आक्षेप आमच्याच धंद्यातून येतो आणि तो मला जास्त गंभीर वाटतो. गिऱ्हाइकाला असे खरे सांगत बसले तर पार्लर चालणार कसे? लग्नसराईत स्मूदनिंग आणि केराटिन यांवरच महिन्याचे भाडे निघते. सजण्याला माझा विरोध नाही. नवरीला एका दिवसासाठी केस कुरळे किंवा सरळ हवे असतील तर केस पूर्ण कोरडे करून, मशीन बेताने तापवून ते सुखरूप करता येते. ओल्या केसावर तापलेली पट्टी फिरवली तर आतल्या पाण्याची वाफ होऊन केसाला फोड येतात आणि तो तिथेच मोडतो. पण महिनोन्‌महिने टिकणाऱ्या सरळपणाचे तसे नाही. त्यातल्या काही द्रव्यांतून तापवताना फॉर्मल्डिहाइड वायू निघतो, आणि तो माणसात कर्करोग घडवतो असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच ठरवले आहे. तो वायू टाळायला आलेल्या ग्लायॉक्सिलिक आम्लाच्या क्रीमबद्दल फ्रेंच डॉक्टरांनी २०२४ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एका तरुणीची नोंद दिली: तीनदा केस सरळ केले आणि तिन्ही वेळा मूत्रपिंडाला इजा झाली. बंद खोलीत, एका पंख्याखाली, दिवसाला दोनतीन डोकी करणारी पार्लरवाली फॉर्मल्डिहाइड वायू गिऱ्हाइकापेक्षा कितीतरी जास्त घेते. तेव्हा डब्यावर काय लिहिले आहे ते वाचल्याशिवाय डबा उघडू नये, आणि ज्याच्यावर काहीच लिहिलेले नाही तो घेऊच नये. दहा-वीस रुपयांच्या काळ्या डायच्या पुडीबाबतही हेच. त्यातल्या पीपीडी या रसायनाने कोणाचा चेहरा, डोळे सुजू शकतात, म्हणून कानामागे थोडा लावून ४८ तास थांबावे. खरे सांगणाऱ्या बाईकडे गिऱ्हाईक परत येते हे मी मानते, पण तसे झाले नाही तरी सांगायला हवेच, कारण आपल्या हाताखाली दुसऱ्याचे डोके असते.

पार्लरचे कोर्स आयब्रो, फेशियल, कटिंग, मेकअप शिकवतात. गाठ असलेला आणि गाठ नसलेला केस ओळखायला, आणि कोणत्या बाईला खुर्चीवरून उठवून दवाखान्यात पाठवायचे हे ठरवायला, तिथे तासभरही दिला जात नाही. तो द्यायला हवा. गावातल्या बायका डॉक्टरकडे जाण्याआधी आमच्याकडे येतात, कारण केस गळणे हा आजार आहे असे त्यांना वाटत नाही, आणि पुरुष न्हाव्याकडे जातात ते त्याच कारणाने. पन्नास-शंभर घरांची डोकी महिन्यातून एकदा ज्यांच्या हाताखालून जातात त्या पार्लरवाल्या आणि सलूनवाले यांना गावातल्या आशाताईंशी जोडून द्यावे. भांग रुंद झालेल्या, डोळ्यांच्या आत फिक्कट दिसणाऱ्या बाईला त्यांनी थेट हिमोग्लोबिन तपासायला प्राथमिक आरोग्य केंद्रात धाडावे. ऑगस्ट २०२३ पासून राज्य सरकारच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत ही तपासणी मोफत आहे. आणि एकाच गल्लीतल्या दोनतीन घरांतून एकाच आठवड्यात गाठीसकट केसांचे पुंजके हाती येऊ लागले, तर त्याच दिवशी आरोग्य केंद्राला कळवावे, घरातल्या पिठाचा आणि पाण्याचा नमुना बाजूला काढून ठेवायला सांगावे. शेगावकडची गळती डिसेंबरात सुरू झाली आणि गाजावाजा झाला तो जानेवारीत. मधल्या काळात कितीतरी जण आधी सलूनच्याच खुर्चीत बसले असणार.